जानकी, अभिमन्यू आणि धाराशिवचे मैदान

खो-खोच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत विजेत्यांना चषक देऊन झाला, पाहुण्यांबरोबर फोटो निघाले, की माइकवरून आणखी एक नाव पुकारले जाते. स्पर्धेतल्या सर्वोत्तम अष्टपैलू खेळाडूचे ते नाव. या खेळाडूला नुसते ‘सर्वोत्तम’ म्हणून सोडून देत नाहीत, त्याला दुसऱ्या कोणाचे तरी नाव बहाल करतात. १४ वर्षांखालचा मुलगा असेल तर भरत, मुलगी असेल तर इला. १८ वर्षांखालचा मुलगा वीर अभिमन्यू, मुलगी जानकी. पुरुषांत एकलव्य आणि महिलांत राणी लक्ष्मीबाई.

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे स्थापनेचे साल, पहिले अध्यक्ष, देणगीदारांची नावे आणि जागेचा सातबारा असा आपल्याकडचा रिवाज आहे. तो मी इथे बाजूला ठेवतो. इमारत, घटना आणि कार्यकारिणी यांच्या आधी खेळात एक संस्था तयार झालेली असते. कोणाला शाबासकी द्यायची आणि कशासाठी द्यायची, हे ठरवणारी. खो-खोमधली ही संस्था म्हणजे हे सहा पुरस्कार. त्यांतही कोवळ्या वयाचे जे चार आहेत, त्यांच्याबद्दल धाराशिवच्या माणसाला बोलावेसे वाटते, कारण आमच्या मैदानावर खेळ शिकणारी पोर याच वयाची असते आणि याच वयात ती खेळ सोडते.

मुळापासून सांगायचे तर पुण्यापासून सुरुवात करावी लागते. खो-खो खेळला कधीपासून जातो याचा पत्ता कोणाला लागलेला नाही, पण तो कागदावर आला तो डेक्कन जिमखान्यात, १९१४ साली. दहा वर्षांनी बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने आपली नियमावली काढली. १९२८ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ स्थापन झाले आणि मंडळाने १९३५ साली नियमांची पहिली आवृत्ती छापली. पुढच्याच वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिनला गेला आणि ऑलिंपिकच्या निमित्ताने जमलेल्या लोकांसमोर त्याने देशी खेळ व व्यायामप्रकार दाखवले.

पुणे, बडोदे, अमरावती. या नकाशात आमचा जिल्हा नाही, आणि त्याला कारण आहे. त्या वेळी आम्ही निजामाच्या राज्यात होतो. सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू, मराठी शाळा मोजक्या, आणि चार पोरे लाठी घेऊन आखाड्यात जमली तरी पोलिसांचे कान टवकारत. पुण्यात नियमांच्या आवृत्त्या निघत होत्या तेव्हा इकडे खो-खो होता तो गल्लीत, देवळासमोर, शाळेच्या सुटीत. खांबाऐवजी दगड ठेवून. सप्टेंबर १९४८ मध्ये राज्य मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. खो-खोचा अखिल भारतीय महासंघ उभा राहिला तोही नेमका याच सुमारास. भाई नेरूरकरांसारख्या माणसांनी त्यासाठी उभी हयात घातली. त्यांच्या नावाने आज राज्यात सुवर्णचषकाची स्पर्धा होते. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली. दुसरी कोल्हापूरला, आणि तिथे महिला पहिल्यांदा उतरल्या. दुसऱ्याच वर्षी महिलांना मैदान देणारे खेळ त्या काळात फार नव्हते, ही गोष्ट खो-खोवाले स्वतःच विसरतात.

वैयक्तिक गुणवत्तेची बक्षिसे सुरू झाली ती १९६४ साली, इंदूरच्या पाचव्या राष्ट्रीय स्पर्धेत. तोवर फक्त संघ जिंकत असे. वयोगट वाढले तशी पुरस्कारांची नावेही वाढली. कुमार गटाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७०-७१ मध्ये हैदराबादला झाली. मुलींची मात्र १९७४-७५ मध्ये, पुन्हा इंदूरला. प्रौढ महिलांना दुसऱ्या वर्षी प्रवेश मिळाला आणि मुलींना मुलांच्या मागून चार वर्षांनी. वर तेव्हा मुलांची वयोमर्यादा अठरा होती आणि मुलींची सोळा. सोळाव्या वर्षानंतर मुलगी कुठे जाणार हे जणू सर्वांना ठाऊकच होते, म्हणून नियमानेही तिला वाट मोकळी करून दिलेली. आता दोघांनाही अठराच आहे.

या नावांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. भरत म्हटले की सिंहाच्या छाव्याचे दात मोजणारे पोर डोळ्यांसमोर येते; १४ वर्षांखालच्या गड्याला ते शोभते. अभिमन्यूही कळतो. बसलेल्या आठ आक्रमकांच्या रांगेतून नागमोडी पळणारा मुलगा आणि चक्रव्यूहात शिरलेला सोळा वर्षांचा मुलगा यांची सांगड घालणाऱ्याने खेळ पाहिलेला होता. फरक एवढाच, की खो-खोतल्या अभिमन्यूला बाहेर पडण्याची वाटही माहीत असावी लागते. जानकी हे नाव निवडताना कोणाच्या मनात काय होते ते मला सांगता येणार नाही, पण वनवास सोसणारी, हार न मानणारी असा अर्थ घेतला तर आमच्याकडच्या मुलींना ते नाव चांगलेच लागू पडते. एकलव्याबद्दल मात्र माझा एक जुना आक्षेप आहे. ज्याला गुरूने दारातून परत पाठवले, ज्याचा अंगठा दक्षिणा म्हणून कापून घेतला, त्याच्या नावाचा पुरस्कार आपण समारंभाने देतो. आणि त्या समारंभात व्यासपीठावर बसलेल्यांपैकी कोणाला ते अवघडल्यासारखे वाटत नाही. असो.

ही सगळी नावे स्वभावाची आहेत. धैर्य, निष्ठा, सोशिकता, निर्भयता. पुरस्कार मात्र स्वभावासाठी मिळत नाही, तो मिळतो मिनिटे आणि गडी यांसाठी. गुणलेखकाच्या तक्त्यात किती वेळ संरक्षण केले आणि किती गडी बाद केले, एवढेच लिहिलेले असते. वर्तमानपत्रातली बातमीही तशीच येते: अमकीने अडीच मिनिटे पळती खेळी केली आणि तीन गडी टिपले. तिने कोणत्या परिस्थितीत ती अडीच मिनिटे काढली हे तक्त्यात मावत नाही.

तक्त्याबाहेरचे विचारण्याची रीत दुसरीकडे आहे. अमेरिकेत लहान मुलांच्या बेसबॉलची एक मोठी चळवळ आहे. पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावात कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थाने १९३९ साली तीन संघांवर ती सुरू केली. ‘लिटल लीग’ म्हणून ती आज जगभर ओळखली जाते. तिच्या बोधचिन्हावर तीन शब्द आहेत. मराठीत त्यांचे चारित्र्य, धैर्य आणि निष्ठा असे भाषांतर होईल. तिकडे गावोगावी अशा लीगच्या नावाने किंवा एखाद्या खेळाडूच्या, प्रशिक्षकाच्या स्मरणार्थ कॉलेजला निघालेल्या मुलांना शिष्यवृत्ती देतात. त्या अर्जात पुष्कळदा धावा किंवा झेल विचारत नाहीत. मैदानाने तुला काय शिकवले ते लिही, असे सांगतात. बेसबॉल आपल्याकडच्या शालेय स्पर्धांच्या यादीतही आहे, सॉफ्टबॉलच्या शेजारी, आणि महाराष्ट्रात तो आवडीने खेळणारी मुले आहेत. पण या जिल्ह्यापुरते बोलायचे तर बॅट, ग्लोव्ह आणि चेंडू यांचा खर्च शाळेला झेपत नाही. खो-खोला दोन खांब, आखणीपुरती फक्की आणि पाणी मारून दाबलेली जमीन लागते. पाण्याची अडचण इथेही आहेच, पण ती निदान सगळ्यांना सारखी आहे.

चारित्र्य खेळातून घडते असे भाषणात म्हणतात तेव्हा मला कंटाळा येतो. कोणत्या नियमातून घडते ते सांगा. खो-खोत ते दाखवता येते. आठ जण चौकात बसलेले असतात, एक आड एक विरुद्ध दिशेला तोंड करून. पाठीमागून हात लागल्याशिवाय आणि ‘खो’ कानावर आल्याशिवाय उठायचे नाही. संरक्षक तुमच्या डोळ्यांसमोरून हातभर अंतरावरून गेला तरी उठायचे नाही. आधी उठलात तर चूक तुमची. उठलात की ज्या दिशेने पहिले पाऊल पडले तीच दिशा. मागे वळायचे नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. आणि गडी आपल्या हाती लागत नाही असे दिसले की मोह सोडून दुसऱ्याला खो द्यायचा. हे शेवटचे सर्वांत अवघड. चौदा वर्षांच्या मुलाला पळायला शिकवावे लागत नाही. आता तू थांब, तो तुझ्यापेक्षा जवळ आहे, त्याला उठव, हे शिकवायला दोन हंगाम जातात. ज्याला ते जमत नाही तो एकटाच पळून दमतो आणि पंच शिट्टी वाजवतात तेव्हा संघाची पाळी संपलेली असते.

आता नवा खो-खो आला आहे. फ्रँचायझीच्या स्पर्धेत आणि विश्वचषकात संघ सात जणांचा असतो, आणि ‘वझीर’ नावाचा एक आक्रमक कुठल्याही दिशेला वळू शकतो. प्रेक्षकांना तो आवडतो, टीव्हीवर तो छान दिसतो. मला तो फारसा रुचत नाही, पण माझ्या रुचण्याला विचारतो कोण.

धाराशिवात महिलांचा खो-खो रुजला तो नव्वदच्या दशकानंतर. हा काळ लक्षात घ्यावा. १९८२ साली लातूर आमच्यातून वेगळे होऊन जिल्हा झाले आणि बरीचशी शिक्षणाची, व्यापाराची उठबस तिकडे गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने उमरगा आणि लोहारा भागातली गावे जमीनदोस्त केली. त्याच्या अलीकडे-पलीकडे दुष्काळ होताच. पुढे २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत आमचे नाव होते. आकांक्षित म्हणजे मागासलेला, हे सांगायला नको. अशा जिल्ह्यात डॉ. चंद्रजित जाधव यांच्यासारखा प्रशिक्षक मुलींचा संघ बांधतो, त्या संघातल्या मुली राज्याच्या आणि मग देशाच्या संघात जातात. जाधव सर पुढे राज्य संघटनेचे सचिव झाले आणि राष्ट्रीय महासंघातही पोहोचले, पण इथल्या लोकांना ते आठवतात मैदानावरचे, शिट्टीसकट.

या मैदानाची सर्वांत मोठी नोंद म्हणजे सारिका काळे. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळवले, त्या संघाची ती कर्णधार होती. त्याच वर्षी इंदूरच्या आशियाई स्पर्धेत ती स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोचा पहिला अर्जुन १९७० साली सुधीर परब यांना आणि दुसऱ्या वर्षी अचला देवरे यांना मिळाला होता. १९९८ मध्ये शोभा नारायण यांच्यानंतर ही वाट बंद पडली ती बावीस वर्षे. ती उघडली उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, मुलीने. करोनामुळे त्या वर्षी २९ ऑगस्टचा राष्ट्रपती भवनातला समारंभ भरला नाही, पुरस्कार दूरदृश्य पद्धतीने दिले गेले. एवढ्या मोठ्या दिवसाची गर्दीसुद्धा तिच्या वाट्याला आली नाही.

पुरस्कार जाहीर झाल्यावर सारिकाने वृत्तसंस्थेला जे सांगितले ते तेव्हा सगळीकडे छापून आले. खो-खो खेळणाऱ्या काकांनी तिला तेराव्या वर्षी मैदानावर नेले. वडिलांना शारीरिक अडचणीमुळे फारसे कमावता येत नव्हते, आई शिवणकाम करून आणि इतर घरकाम करून हातभार लावी, आणि घर चालत होते ते आजी-आजोबांच्या कमाईवर. जवळपास दहा वर्षे तिला दिवसातून एकदाच जेवण मिळत होते. वेगळे, चांगले खायला मिळायचे ते शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावरच.

हे शेवटचे वाक्य बातमीत आले आणि गेले. माझ्या मते खेळाच्या प्रशासनात असलेल्या प्रत्येकाने ते लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवावे. शिबिराला निवड झाली की जेवण. म्हणजे जी निवडली गेली तिला पोषण, आणि जिची पोषणाअभावी निवड हुकली तिला पुन्हा तीच एक वेळची भाकरी. आपण गुणवत्तेला बक्षीस म्हणून जे देतो ते खरे तर गुणवत्तेच्या आधी लागणारे सामान आहे. जानकी पुरस्काराच्या शर्यतीत उतरण्यासाठी मुलीने आधी तीन-चार वर्षे उपाशीपोटी पळायचे, आणि त्यातून जी उरेल तिला सोशिकतेचे नाव द्यायचे, असा हा व्यवहार आहे.

दुसरी गोष्ट जाधव सरांनी सांगितलेली. २०१६ मध्येच, म्हणजे ज्या वर्षी सारिका सुवर्णपदक विजेती कर्णधार होती त्याच वर्षी, घरच्या आर्थिक ओढाताणीने ती इतकी खचली की तिने खेळ सोडायचे ठरवले. तिने स्वतःला खोलीत कोंडून घेतले आहे हे सरांना कळवले ते तिच्या आजीने. सर तिच्याशी बोलले, समजूत घातली, ती मैदानावर परत आली. पुढे २०१९ मध्ये तिला सरकारी नोकरी मिळाली आणि ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली. राज्यात खेळाडूंना शासकीय नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे. आमच्याकडच्या कित्येक आई-बापांनी पोरीला मैदानावर पाठवले ते याच्या भरवशावर, आणि त्यात चुकीचे काही नाही. अर्जुन पुरस्काराची रक्कम त्याच वर्षी पाच लाखांवरून पंधरा लाख झाली होती. म्हणजे पैसे आले, बरेच आले. पण कधी आले ते पाहा. नोकरीनंतर. ज्या महिन्यात ती खोलीत बसली होती त्या महिन्यात तिच्यासाठी कोणतीही योजना नव्हती. होती ती फक्त एक आजी आणि एक सर.

संस्थेचा इतिहास लिहिणाऱ्याने पदकांची यादी द्यावी अशी अपेक्षा असते, आणि यादी थोडक्यात देता येईल. नोव्हेंबर २०२२ मध्ये ५५ वी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा उस्मानाबादला झाली. देशभरचे संघ तुळजाभवानी क्रीडा संकुलात आले. त्यानंतर काही महिन्यांत शहराचे नाव धाराशिव झाले, तेव्हा उस्मानाबाद नावाने घेतलेल्या मोठ्या स्पर्धांत तिची गणना होईल. १३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक भरला. २३ देशांचे खेळाडू आले. अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवले, पुरुषांनीही नेपाळलाच ५४-३६ असे. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची शेजारच्या बीड जिल्ह्यातली, आणि संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. प्रियांकाच्या नावावर इला, जानकी आणि राणी लक्ष्मीबाई हे तिन्ही पुरस्कार आहेत. चौदाखालच्या गटापासून महिलांच्या गटापर्यंत प्रत्येक टप्प्यावर ती सर्वोत्तम ठरली. असे फार थोड्यांना जमते. मधल्या टप्प्यावर, म्हणजे इला झाल्यावर आणि जानकीच्या आधी, किती मुली गळतात हे मैदानावर रोज येणाऱ्याला माहीत असते. नववी-दहावी आली की घरचे विचारतात, आता पुरे नाही का?

व्यावसायिक खो-खो आला तो ऑगस्ट २०२२ मध्ये, पुण्याच्या बालेवाडीत. सहा संघ, दिव्यांचा झगमगाट, थेट प्रक्षेपण. ग्रामीण भागातल्या मुलांना खेळून पैसे मिळाले, ही चांगली गोष्ट घडली. दुसरा हंगाम कटकला झाला. दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे. ज्या जिल्ह्यातून राष्ट्रीय संघाला मुलींचा पुरवठा होतो, त्या जिल्ह्याच्या मैदानावर या नव्या पैशाचा परिणाम काय झाला असेल? मुलगे सकाळी जास्त लवकर यायला लागले. मुली पूर्वीही लवकर येत होत्या, कारण घरी जाऊन त्यांना पाणी भरायचे असे.

मोठ्या स्पर्धांत मातीऐवजी आलेल्या मॅटनेही एक फरक केला आहे. मातीवर अनवाणी पळता यायचे, खांबावर सूर मारला तर कोपर सोलवटायचे आणि फक्कीनेच ते भरायचे. मॅटवर बूट लागतात, आणि चांगले बूट लागतात, नाहीतर गुडघा जातो. ज्या खेळाची शान ही होती की त्याला काहीच लागत नाही, त्याला आता वर्षाला दोन जोड लागतात. राष्ट्रीय स्पर्धेत मॅट आणि तालुक्याला माती असल्याने मूल एका पृष्ठभागावर शिकते आणि दुसऱ्यावर परीक्षा देते.

म्हणून शिष्यवृत्तीची कल्पना. या स्मरणिकेच्या निमित्ताने ती मांडतो आहे, कारण निधी गोळा करण्याची भाषा अशाच वेळी होते आणि बहुतेक वेळा ती कमानीवर आणि पुतळ्यावर खर्च होते. धाराशिव जिल्ह्याने खो-खो खेळणाऱ्या मुलामुलींसाठी एक शिष्यवृत्ती सुरू करावी. ती पदकविजेत्यांसाठी नसावी. त्यांच्यासाठी शिवछत्रपती पुरस्कार आहे, अर्जुन आहे, नोकरीतले आरक्षण आहे, आणि विश्वचषक जिंकून आल्यावर सत्कारांची रीघ आहे. ही असावी इयत्ता आठवी ते बारावीच्या मुलांसाठी, ज्यांचे अजून काही व्हायचे आहे.

रक्कम मोठी नसली तरी चालेल, पण ती जूनमध्ये मिळावी आणि दर महिन्याला मिळावी. मार्चमध्ये समारंभ करून धनादेश देणाऱ्या शिष्यवृत्त्यांचा खेळाडूला उपयोग नसतो. त्यांचा उपयोग फोटोला असतो. त्यातून दूध, अंडी, शेंगदाणे, गूळ यांची सोय व्हावी. बूट वस्तूच्या रूपात द्यावेत, पैशाच्या नव्हे, कारण घरात पैसे आले की आधी किराणा भरला जातो आणि त्याला दोष देता येत नाही. अहिल्याबाई होळकर योजनेत गावाकडच्या मुलींना शाळेसाठी एसटी मोफत आहे. पण सराव संपतो तेव्हा भूम-परंड्याकडची किंवा लोहाऱ्याकडची शेवटची गाडी गेलेली असते. त्या एका संध्याकाळच्या प्रवासाची व्यवस्था नसल्यामुळे किती तरी चांगल्या संरक्षक मुली शनिवार-रविवारच्या खेळाडू होऊन राहिल्या. शिष्यवृत्तीतून एखादी जीप ठरवावी.

निवड कशी करायची हा कठीण भाग. मिनिटे आणि गडी यांच्यावर केली तर आपण पुन्हा इला-जानकीचीच छोटी आवृत्ती काढू. चारित्र्यावर करायची म्हटली तर चारित्र्य मोजणार कोण? गावातल्या मोठ्या माणसाचे शिफारसपत्र आणा म्हटले की काय होते ते सर्वांना माहीत आहे. पहिल्या वर्षीच सरपंचाचा भाचा चारित्र्यवान निघेल. निबंध मागवला तर तो क्लासमधले सर लिहून देतील. माझे मत असे की मैदानावरच्या तीन गोष्टी वर्षभर नोंदवाव्यात. सरावाला हजेरी किती. राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसावे लागल्यावर पुढच्या आठवड्यात आली की नाही. आणि सामन्यात स्वतः गडी पकडण्याच्या हव्यासात किती खो अडवले. ही तिसरी नोंद कोणी ठेवत नाही, पण ठेवता येते. गुणलेखकाच्या शेजारी एक माणूस बसवला की झाले. ज्या मुलीला वेळेवर खो देता येतो, तिच्याबद्दल मला आणखी काही विचारायचे नाही.

आणि अर्जावर एक रकाना असावा: घरात खेळाबद्दल कोणाशी बोलायचे? मुलीने वडिलांचे नाव लिहिले तर उत्तम. काकांचे, मावशीचे, आजीचे लिहिले तरी चालेल. त्या नावापुढे एक फोन नंबर असावा आणि तो प्रशिक्षकाच्या वहीतही उतरवून घ्यावा. मुलगी सलग चार दिवस मैदानावर आली नाही तर पाचव्या दिवशी सकाळी तो नंबर लावायचा, ही जबाबदारी शिष्यवृत्ती समितीतल्या एका ठरावीक माणसाची. ‘समितीची’ असे लिहिले तर तो फोन कोणीच लावणार नाही.